कळसूबाईच्या माथ्यावर पाणी नाही

संगमनेर, ता. ५ मार्च १९४६

गुरुवर्य आप्पासाहेब यांना चांगुणाचा नमस्कार.

आपल्या सह्यविहार मंडळाच्या वार्षिक अंकात 'कळसूबाईच्या माथ्यावर' हा माझा लेख आला आहे. त्यात एक वाक्य असे आहे : "देवीच्या देवळामागे खडकात कोरलेले टाके असून त्यातील थंडगार पाणी प्रवाशाचा सारा शीण घालविते." हे वाक्य चुकीचे आहे. देवळामागे टाके नाही. माथ्यावर पाणीच नाही. पाणी आहे ते शेवटच्या कड्याच्या खाली, एका विहिरीत, वाटेपासून जरा बाजूला. ज्याला हे ठाऊक नाही तो विहीर मागे टाकून कोरड्या तोंडाने वर जातो, कारण माझ्या लेखाने त्याला वर पाणी देऊ केलेले असते.

मला हे रशीद मोटरवाल्याकडून कळले. तो संगमनेर ते राजूर कोळशावर चालणारी प्रवासी मोटर चालवतो. डिसेंबरात आपण त्याच्याच मोटरीने गेलो होतो. चढावर सर्वांना उतरून ती ढकलावी लागली म्हणून तुम्ही ज्याच्यावर रागावला होतात, तोच हा रशीद. त्याची भाची शरिफा माझ्या वर्गात आहे. तिने अंक घरी नेला आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. रशीदचे म्हणणे असे की सगळा जन्म त्या रस्त्यावर गेला, डोंगर लांबून पाहिला, वर कधी गेलो नाही. आता बाईंनी वाट लिहूनच दिली आहे तर जावे. एका शुक्रवारी मोटर दुरुस्तीला होती, तेव्हा तो आणि त्याचा दोस्त शमशेर निघाले. दोघांत मिळून एक लोटा पाणी. जास्त कशाला वाहायचे? वर टाके होते ना.

काल शाळा सुटताना रशीद फाटकाशी उभा होता. मला पाहून हसला.

"बाई, तुमचं टाकं कुठं लपवून ठिवलंय? आमी दोघांनी देवळाला सात येढं घातलं. देवी बी म्हनली आसंल, ह्या मुसलमानांना येवढी भक्ती कुठनं आली?"

मीही हसले. मग मी विचारले की शमशेर कसा आहे, आणि त्याचे हसणे थांबले. उतरताना शमशेरच्या पायांत गोळे आले. डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. शेवटच्या कड्याला हाताला धरायला लोखंडी साखळी आहे. (लेखात मी 'सोप्या पायऱ्या' लिहिल्या आहेत. साखळीचा उल्लेख नाही.) तिच्यावरून त्याचा हात सुटला आणि तो खालच्या धोंड्यावर उजव्या हातावर पडला. मनगट मोडले. शमशेर भांड्यांना कल्हई करतो, आप्पासाहेब. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याची आई बद्रुन्निसा मला पाट द्यायला उठली आणि म्हणाली, "तुमी लिवलेलं लई ग्वाड हाय बाई. शरिफानं वाचलं तवा आमाला वर गेल्यावानी वाटलं." यापेक्षा तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

अंक साऱ्या जिल्ह्यातील शाळांना गेला आहे. पुढच्या महिन्याच्या पत्रकात कृपा करून चुकीची दुरुस्ती छापावी. मी ती सोबत दोन ओळींत लिहून दिली आहे. साखळीचेही त्यात आहे.

मुलींच्या सहलीविषयीही मला लिहायचे आहे, पण आज फक्त पाण्याचे. दोन गोष्टी एका पत्रात लिहिल्या की त्यांतल्या सोप्या गोष्टीचे तुमच्याकडून उत्तर येते, असा माझा अनुभव आहे.

आपली विद्यार्थिनी,
चांगुणा


संगमनेर, ता. १६ मार्च १९४६

आप्पासाहेब यांस नमस्कार.

आपले पत्र पोचले. दुरुस्ती छापता येणार नाही हे कळले. "छापलेले खोडू नये, त्याने वाचकाचा विश्वास उडतो," हे आपले वाक्य मी पुष्कळ वेळा वाचले. "तू पहिल्यापासूनच फार बारकाईत शिरतेस," हेही वाचले. आणि "मुलींना पाणी बरोबर घ्यायला सांग म्हणजे झाले," हेही.

म्हणजे आता दुसरी गोष्ट लिहायला हवी.

१४ एप्रिलला, परीक्षा संपल्यावर, माझ्या वर्गातील मुलींना कळसूबाईवर न्यायचे तुम्ही ठरवले आहे. तुम्ही स्वतः येणार नाही. मंडळातले कोणीही पुरुष येणार नाहीत, कारण मुलींबरोबर पुरुष असले तर पालक पाठवणार नाहीत. मुलींना मी न्यायचे. शाळातपासनिसांना तुम्ही माझ्यादेखत सांगितलेत, "चांगुणाबाईंना वाट पाठ आहे." मी तेव्हा फळा पुसत होते. पुसलेला फळा मी पुन्हा पुसला.

मला पहिल्या चढानंतरच्या थाळेमेळापर्यंतची वाट माहीत आहे. त्याच्या पुढे वर मी पाऊल टाकलेले नाही. हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे आणि मंडळाच्या पाच सभासदांना माहीत आहे. पण आपल्यात ते कधी बोलले गेलेले नाही, म्हणून आज लिहिते. तुम्हाला वाटेल मी आरोप करते आहे. मी फक्त घडले ते क्रमाने मांडते आहे. तसे मांडायला तुम्हीच मला शिकवलेत.

मंडळाचे परिपत्रक मीच सुवाच्य अक्षरात उतरवून वर्गात लावले होते. "मंडळ गडीमाणूस नेत नाही. प्रत्येकाने आपले ओझे आपण वाहावे व आपले ताट आपण घासावे." ते वाचूनच मी आईची परवानगी काढली. पहाटे बारी गावातून निघालो. फोटोग्राफरांनी चढ लागण्याआधीच, उजेड फुटल्यावर, पायथ्याशी सर्वांचे छायाचित्र घेतले. त्यात मी आहे. पुढचा पहिला चढ मला जड गेला नाही. शेतात वाढलेल्या मुलीला जड जायचे कारण नव्हते. दम मंडळातल्या वकीलसाहेबांना लागला होता. थाळेमेळाला न्याहारी झाली. मी माझे ताट घासले. उठून पाहते तर बाकीची ताटे एकावर एक माझ्याजवळ येऊन बसली होती. ती कोणी ठेवली ते मी पाहिले नाही. मग तुम्ही म्हणालात, "चांगुणा, सामानाजवळ कोणीतरी हवे. आणि आम्ही उतरेपर्यंत खिचडीचेही बघ." डॉक्टर म्हणाले, "वा! डोंगरावर बाईमाणसाच्या हातची खिचडी म्हणजे चैन आहे." आणि सगळे हसले. तुम्हीही हसलात.

मी नाही म्हणायला हवे होते. ते का म्हटले नाही याचा मी तीन महिने विचार करते आहे. तुम्ही कोल्हारला मास्तर होतात तेव्हा आमच्या ओट्यावर येऊन बसला होतात. वडील म्हणाले होते, "पोरीला साळंत घालून काय कलेक्टर करायचीय व्हय?" तुम्ही म्हणालात, "कलेक्टर नाही, मास्तरीण करायची." आमच्या घरात त्याआधी कोणी अक्षर गिरवले नव्हते. वडिलांचा अंगठाच होता. त्या दिवसापासून मी तुम्हाला कधी नाही म्हटले नाही. 'नाही' म्हणण्याची सवयच नव्हती, आणि सवय नसलेली गोष्ट कड्यावर सुचत नाही.

तुम्ही वर गेलात. तुमचे आवाज बराच वेळ ऐकू येत होते. एकदा तुम्ही सगळ्यांनी मिळून जयजयकार केलात. खाली तांदूळ शिजत आला होता, म्हणून मला जाळाकडे पाहावे लागले.

परतताना मोटरीत तुम्ही मला लेख लिहायला सांगितलात. तुम्ही म्हणालात की तुझी भाषा स्वच्छ आहे, वरचा भाग मी सांगतो तसा लिही. मी विचारले, "मी वर गेले नाही, असे लिहू का?" तुमचे उत्तर मला शब्दशः आठवते. "तू मंडळाबरोबर होतीस ना? मग मंडळ जिथे गेले तिथे तू गेलीस." आणि मग समजावणीच्या सुरात, "कुणब्याची मुलगी महाराष्ट्राच्या सर्वांत उंच माथ्यावर, हे लोकांना वाचू दे. तुझ्यामागून दहा मुली निघतील."

निघाल्या आहेत. त्यांचेच तर भय वाटते.

टाक्याचे खापर मी तुमच्यावर फोडत नाही. तुम्ही टाके म्हणाला नव्हता. मी विचारले होते, वर पाणी मिळाले का? वकीलसाहेब म्हणाले, "पाणी? अहो बर्फ!" मी वाचलेल्या प्रत्येक गडावर देवळामागे टाके होते, म्हणून मी इथेही ते कोरले. जो वर गेला आहे त्याच्या हातून ही चूक होणार नाही.

आता माझे मागणे. पुढीलपैकी एक करावे. तपासनिसांना खरे कळवावे. किंवा सहल पावसाळ्यानंतर, दसरा झाल्यावर न्यावी. एप्रिलच्या उन्हात नको. किंवा तुम्ही स्वतः आमच्याबरोबर यावे, पालकांची समजूत मी घालीन. तिन्हींपैकी कोणतीही गोष्ट अवघड नाही. तुम्ही मला याहून अवघड गोष्टी करायला लावल्या आहेत.

चांगुणा


संगमनेर, ता. २५ मार्च १९४६

आप्पासाहेब यांस,

तुमचे कार्ड आले. त्यात माझ्या पत्राचे उत्तर नाही. ७ एप्रिलला दुपारी चार वाजता शाळेच्या पटांगणात कळसूबाई सर केल्याबद्दल माझा सत्कार ठरला आहे, शाळा चालवणाऱ्या लोकलबोर्डाचे सभासद येतील, भाषण लिहून ठेव, एवढे आहे. शेवटी, "तुझी नेमणूक कायम करण्याचा प्रश्न याच मंडळींपुढे आहे हे ध्यानात ठेव." मी ते ध्यानात ठेवले आहे. माझ्या नेमणुकीवर घरचे काय काय अवलंबून आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच ते कार्डावर आले.

काल रविवार होता. मी बारीला जाऊन आले. कोणाला विचारले नाही. रशीदच्या मोटरीने राजूरपर्यंत गेले, पुढे शेंडीकडे जाणारी बैलगाडी मिळाली, उरलेले पायी. मोटरीत रशीद म्हणाला, "बाई, ह्या टायमाला खरं टाकं खोदायला चालला का?" मी म्हटले, वाट विचारायला चालले आहे. तो म्हणाला, "मंग शमशेरला घ्याचं हुतं. त्याला वाटंचा धोंडान् धोंडा पाठ हाय, एका हाताच्या भावात." असे बोलून तो लगेच मोटरीच्या भट्टीत कोळसा घालायला उतरला. तो वाईट बोलत नाही. त्याला दुःख झाले की त्याच्या तोंडून विनोद निघतो.

मी दुपारी पोचले. उशीर झाला होता, चढायची वेळ गेली होती. मलाही ते कळत होते आणि खरे सांगायचे तर मला बरेही वाटले. गावाच्या वरच्या अंगाला झुंबरबाई म्हणून एक बाई राहते. तिचा दीर देवीचा पुजारी आहे, दर मंगळवारी वर जातो. डिसेंबरात सरपण तिनेच आपल्याला दिले होते. दारात करवंदीच्या फांद्यांचे कुंपण दुरुस्त करीत होती. मला पाहून तिने कोयता खाली ठेवला.

"आगं बया, ही तर भांडीवाली बाई!"

मी म्हटले, "मी मास्तरीण आहे."

"व्हय व्हय, आसशील. पर म्या तुला भांडी घासतानाच बगितली. समदे बाप्ये वर आन् तू एकली खाली, राखुंडी घेऊन. म्या म्हनलं, संगमनेरास्नं भांडी घासाया एवढ्या लांब आनत्यात व्हय? हितं काय बाया न्हाईत?"

तिच्या सुनेला हसू आवरेना. मी उंबऱ्यावर बसले. तिने ताकाचा तांब्या दिला आणि समोर बसून मला न्याहाळू लागली.

"तुला थाळेमेळाची गोष्ट म्हाईत हाय का?"

मी म्हटले, थोडी ऐकली आहे.

"थोडी कशाला, समदी आईक. कळसू पाटलाच्या घरी कामाला ऱ्हायली तवाच बोलली हुती, समदं काम करीन पर झाडलोट आन् भांडी न्हाई करनार. पाटील व्हय म्हनला. येक दिस घरी पावनं आलं आन् तिला म्हनले, घास. तिनं थाळेमेळाला घासली. आन् घासून झाल्याव जी निगाली ती वर जाऊन बसली. फिरून खाली आली न्हाई. देव झाली." तिने माझ्याकडे बोट केले. "तू बी थितंच घासली. पर तू खाली आली!"

आप्पासाहेब, ही गोष्ट मी लेखात घातली आहे. 'स्थानिक आख्यायिका' या मथळ्याखाली चार ओळी. ती वाचून तुम्ही म्हणाला होतात, "छान, रंग भरला आहेस." ती गोष्ट कोणत्या जागी बसून लिहायची असते, हे तुम्हाला आणि मला दोघांनाही कळले नाही. झुंबरबाईला लिहिता येत नाही. ती माझी थट्टा करीत होती, उपदेश नव्हे. आणि थट्टाही पुरती झोंबायच्या आत तिने विषय बदलला. माझ्या वहाणांकडे पाहून म्हणाली, "ह्या घालून साखळीला जाशील तर सरळ भंडारदऱ्याच्या पान्यातच जाशील. उघड्या पायानं यायचं."

मग मी तिला विचारायचे ते विचारले. मुलींना एप्रिलमध्ये आणले तर? ती म्हणाली, "पोरी कितव्या वर्साच्या?" मी म्हटले, तेरा-चौदा. "चढत्याल की. आमच्या पोरी चढत्यात. पर त्यांच्या म्होरं जी चालंल तिला वाट म्हाईत पायजे. साखळीपाशी एक पोर घाबरली की मागल्या समद्या घाबरत्यात. मंग तिथं म्होरली बाई बी घाबरली तर?" मी रिकामा तांब्या खाली ठेवला. तिने ते ओळखले आणि ताकाचा तांब्या पुन्हा भरला.

निघताना मी विचारले, मी आले तर मला वर न्याल का? "न्हेते की," ती म्हणाली. "पर खिचडी मी न्हाई शिजवनार, आन् तू बी न्हाई. भाकरी बांधून घिऊ."

तुमच्या कार्डाला हे उत्तर होत नाही याची मला कल्पना आहे. माझ्या पत्राचे उत्तर तुम्ही दिलेत की कार्डाचे उत्तर मी देईन.

चांगुणा


संगमनेर, ता. २८ मार्च १९४६

उत्तर नाही. आठवण म्हणून हे कार्ड. सहलीला आता थोडेच दिवस उरले. मुलींनी पाण्यासाठी भोपळे वाळत घातले आहेत.

चां.


संगमनेर, ता. २ एप्रिल १९४६

आप्पासाहेब,

तुम्ही सांगणार नाही हे उघड झाल्यावर मी स्वतः सांगायचे ठरवले. काय झाले ते लिहिते. वाचून तुम्हाला समाधान वाटेल.

शुक्रवारी वर्गात मी मुलींना सांगितले, की मी कळसूबाईच्या माथ्यावर गेलेली नाही, लेखातला तो भाग दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेला आहे. मला वाटले होते वर्ग हबकेल. पुष्पावती म्हणून माझी हुशार मुलगी आहे. तिने हात वर केला. "पण बाई, अंकात तर आहे." मी म्हटले, अंकात आहे ते खरे नाही. तिने अंक उघडला, पायथ्याच्या छायाचित्राखालची ओळ वाचली, 'शिखरविजयी मंडळी', आणि बोटाने मला दाखवली. "ह्या तुम्हीच ना?" मी म्हटले, हो, पण हा फोटो चढण्याआधीचा आहे. वर्गात कुजबुज झाली. मधल्या सुट्टीत मी त्यांचे बोलणे ऐकले. शरिफा म्हणत होती, "बाईंना मोठेपणा आवडत नाही गं. म्हणून तसं म्हणतात."

मग मी पुष्पावतीच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, "मास्तरीणबाई, आता भिऊ नका. तुम्ही एकदा जाऊन आलात, पुन्हा जाल." मी म्हटले, मी गेलेच नाही. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "छापून आलंय की." मी आणखी दोन घरी गेले. दोन्हीकडे तेच. एका घरी तर मला वाटले की माझी दृष्ट काढतील.

शनिवारी मी कोल्हारला घरी गेले. तिथे तरी मला कोणी खरे मानील असे वाटले. आई म्हणजे आई. तिने अंकाचे ते पान फाडून देवाऱ्यात लावले आहे. रोज हळद-कुंकू वाहते, माझ्या नावाच्या ओळीवर. ती ओळ कोणती हे तिने गावच्या मास्तरांना विचारून घेतले होते, आता बोटाने चाचपून ओळखते. कागद तिथे पिवळा पडून मऊ झाला आहे.

मी म्हटले, "आई, मी वर गेले नव्हते."

"गेली हुतीस."

"नव्हते गं. खाली खिचडी करीत होते."

"आगं, छापलंय त्यात तू वर गेलीस. मंग गेलीसच की." आणि मग जरा रागाने, "शिकलीस म्हून आता छापलेलं बी खोटं म्हननार व्हय? मंग तुला शिकवली कशापायी?"

मी कोल्हारहून रात्रीच्या वस्तीला न थांबता परत आले.

आमच्यासारख्या घरांतला हा अडाणीपणा आहे असे तुम्ही म्हणाल. असेलही. पण आमच्या घरात पहिले छापील अक्षर आणलेत ते तुम्ही. आई अक्षराला देव मानते, कारण तुम्ही ओट्यावर बसून तिला तसे सांगितलेत. त्या देवाच्या तोंडी तुम्ही आपल्या मंडळाचा जयजयकार घातलात आणि तो मी माझ्या हाताने लिहिला. आता मी घसा फोडून बोलले तरी तो माझ्यापेक्षा मोठ्याने बोलतो. शमशेरच्या मनगटाचे कुठे छापून आले नाही, म्हणून ते मोडलेलेच नाही. तुम्ही तर माझ्या पत्रात वाचलेत. तुम्ही त्याची चौकशीसुद्धा केली नाहीत.

माझे बोलणे जर कोणी मानणार नसेल, तर बोलत बसण्यात अर्थ नाही. म्हणून मी काय ठरवले ते कळवते.

१४ एप्रिलची सहल होणार नाही. मी नेणार नाही, आणि बाईशिवाय पालक पाठवणार नाहीत. तपासनिसांना तसा अर्ज मी आज टपालात टाकला. कारण त्यात स्पष्ट लिहिले आहे : वाट मला माहीत नाही. मुली रडतील. पुष्पावती कदाचित माझ्याशी बोलणार नाही. दसऱ्यानंतर मी त्यांना नेईन, पण मला ती वाट खरोखर जमली तरच. मी वर गेले आणि साखळीपाशी माझे हातपाय कापले, तर मी तिथूनच परतेन आणि मुलींना तेही सांगेन. त्या मानोत न मानोत.

मला भीती वाटते. हे तुम्हाला लिहिण्याचे कारण नाही, पण भीती नाही असे लिहिले तर आणखी एक खोटे होईल. गेले आठ दिवस मी डोळे मिटले की हातात काहीतरी थंड लोखंड असते आणि पायाखाली काही नसते. शाळेच्या जिन्यावरसुद्धा मी कठडा धरून चालते. मुली हसतात. तरी जाणार.

नेमणुकीचे तुम्ही काय करायचे ते करा. ७ एप्रिलच्या सत्काराला मी येणार नाही. बोर्डाची मंडळी रागावतील. तुमचा हार, तुमची खुर्ची, तुमचे सनईवाले सगळे तयार असेल आणि जिचा सत्कार ती नसेल. लोक विचारतील, बाई कुठे आहेत? तेव्हा तुम्हाला उभे राहून काहीतरी सांगावेच लागेल. तुम्ही बोलण्यात कधी अडला नाहीत, त्यामुळे मला त्याची काळजी नाही.

झुंबरबाईला मी रशीदबरोबर निरोप धाडला आहे. शनिवारी संध्याकाळी मी तिच्या घरी मुक्कामाला जाईन. आम्ही दोघी अंधार असतानाच बारीहून निघू आणि ऊन चढायच्या आत माथ्यावर असू.

रविवार, ता. ७ एप्रिल.

चांगुणा